फुलपाखराच्या सवडीनं

फुलपाखराला थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, मग ते हलत नाही, असा सल्ला मॅक्रो फोटोग्राफीच्या नव्या शौकिनाला कुणी ना कुणी देतंच. मलाही मिळाला. मी मानला नाही. गारठलेलं फुलपाखरू हवंच असेल तर सकाळ आहे की! पंख पसरून उन्हात शेकल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. तेवढा वेळ मला पुरतो.

प्लेन टायगरची मादी रुईच्या पानांवर अंडी घालते, म्हणून मी रुईपाशीच बसतो. आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. इतक्या जवळून डोळा स्पष्ट आला तर पंखाचं टोक धूसर होतं. म्हणून कॅमेरा मिटलेल्या पंखांना समांतर धरायचा, ॲपर्चर एफ ११ ठेवायचं आणि श्वास रोखायचा. मग पंखावरचे खवले कौलांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. चिमटीत धरलं तर हेच खवले भुकटी होऊन बोटांना लागतात, आणि पुन्हा उगवत नाहीत.

२०१५ मध्ये महाराष्ट्रानं ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पण फुलपाखरांच्या अळ्या ज्यावर जगतात, ती रुईसारखी झुडपं आपण तण म्हणून उपटतो. आमच्या सोसायटीमागची रुई काढायला माणसं आली, तेव्हा मी त्यांना कॅमेऱ्यातली अळी दाखवली, मग पानावरची. दोन झुडपं राहिली. यंदा त्यांच्यावर पुन्हा अंडी आहेत.