सही करण्याआधी

चि. सोनू,



पुण्याच्या कंपनीने पाठवलेला मसुदा वाचला. पैसा आणि यंत्रं त्यांची, मोठ्या शहरांतली दुकानं त्यांची. आंबा, आंबापोळीची पद्धत आणि नाव तुझं. हे सहकार्य तू करावंसच असं मला वाटतं. पण शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ आहे: ‘या सहकार्यातील सर्व बौद्धिक संपदा उभयतांच्या संयुक्त मालकीची राहील.’ वाचताना ती न्याय्य वाटते, आणि सगळ्या मसुद्यात मला तिचीच भीती वाटते.

आधी नावाचं बघ. दोघांपैकी कुणीही एकट्याने स्वतःसाठी वापरायचं नाही, अशाच नात्यात व्यापारचिन्ह संयुक्त नावावर नोंदलं जातं. उद्या तुमचं फाटलं, तर ताईने पावसच्या घरातून ज्या नावाने आंबापोळी विकली, ते तिच्या मुलीलाच पाकिटावर छापता येणार नाही. पेटंटची तऱ्हा निराळी. १९७०च्या कायद्याप्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, प्रत्येक सहमालक शोध स्वतःसाठी वापरू शकतो, दुसऱ्याला हिशेब न देता; तिसऱ्याला परवाना द्यायचा तर मात्र दुसऱ्याची संमती लागते. ज्याचा कारखाना मोठा त्याला हे सोयीचं. तो हवा तेवढा माल काढेल, आणि तुला दुसरीकडे हात पुढे करायचा तरी त्याचा होकार लागेल.

म्हणून नाव तुझ्या एकटीच्या नावावर नोंदव आणि त्यांना फक्त वापराचा परवाना दे: किती वर्षं, कोणत्या मालासाठी, दर्जा तपासायचा अधिकार कुणाचा आणि करार संपल्यावर छापलेल्या पाकिटांचं काय, हे सगळं लिहून. पाकिटावरचं चित्र ज्या चित्रकाराकडून काढून घेतलंस, त्याच्याकडून हक्क लेखी घे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षांचीच धरतो.

पद्धतीबद्दल जास्त जप. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. करारात लिहिलंय तेवढाच मुख्य आधार. रस किती आटवायचा, थर किती दिवसांनी चढवायचा, हे गोपनीयतेचा करार झाल्याशिवाय त्यांच्या तंत्रज्ञाला सांगू नकोस. आजवर तुझ्याकडे जे आहे त्याची तारखेसह यादी करून कराराला जोड. पुढे दोघांनी मिळून ड्रायरमध्ये काही सुधारलं, तर त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

आणि ‘हापूस’ हे नाव वापरण्याचा हक्क कंपनीला देत आहे, असं जे कलम आहे, ते खोडूनच टाक. हापूसचं भौगोलिक मानांकन ऑक्टोबर २०१८मध्ये झालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा अर्ज २००८चा. मग देवगड, रत्नागिरी असे स्वतंत्र दावे उभे राहिले आणि एकत्र यायला दहा वर्षं गेली. ती वर्षं सगळ्या बागायतदारांची गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. तू अधिकृत वापरकर्ती म्हणून नोंदली गेलीस तरी ते मानांकन कायद्याने विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, परवान्यानेही देता येत नाही. जे देताच येत नाही ते देते असं लिहून सही करू नकोस.

हे सगळं त्यांना स्पष्ट सांगायला लाजू नकोस. चांगला भागीदार यावर रागावत नाही, आणि जो रागावेल तो आत्ताच कळलेला बरा. मी मसुद्यात दुरुस्त्या करून पाठवते आहे. नाव तुझं एकटीचं राहणार आणि पद्धतीची यादी कराराला जोडली जाणार, या दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या नाहीत तर यंदाचा सीझन हातचा गेला तरी चालेल, पण सही करू नकोस.

तुझी,
मावशी