राखणदारांची राखण

हृदयाविषयी आपल्या साहित्यिकांनी जेवढे लिहिले, त्याच्या शतांशही मूत्रपिंडांच्या वाट्याला आलेले नाही. पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना मुठीएवढी ही जोडी जन्मभर निमूटपणे राबत असते आणि काही बिघडले तरच तिचे नाव आपल्या ओठी येते. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत मात्र तिला मोठा मान होता. शांत्यर्पणाच्या पशूची मूत्रपिंडे परमेश्वरासाठी राखून ठेवावीत, अशी आज्ञा लेवीय पुस्तकात आहे. परमेश्वर माणसाचे अंतर्याम पारखतो, असे यिर्मया संदेष्टा सांगतो, तेव्हा मूळ हिब्रूत त्याने योजलेला शब्द मूत्रपिंडांचाच आहे.

या अवयवाची थोरवी आम्हां भावंडांना कळली ती आमच्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात. तिच्या आतड्यात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर निघाला आणि तो यकृतापर्यंत पोहोचला होता. अभिनेते इरफान खान यांनी २०१८ साली आपल्याला असा विकार झाल्याचे जाहीर केले, तेव्हा हे अवघड नाव आमच्या कानी प्रथम पडले होते. त्यात बहीण अनेक वर्षांची मधुमेही. तिची मूत्रपिंडे आधीच थोडी थकलेली होती.

रोग कुठे कुठे आहे हे पाहण्यासाठी गॅलियम-६८ हे किरणोत्सारी द्रव्य वापरून तिचे पेट स्कॅन झाले. चित्रात यकृतावरचे ठिपके उजळले होते. पण त्यांच्याखाली दोन्ही मूत्रपिंडेही लख्ख चमकत होती. भाच्याचा चेहरा उतरला. "डॉक्टर, मूत्रपिंडांतही गेले का?" त्याने विचारले. डॉक्टर म्हणाले, "नाही. तो रोग नव्हे. तो मूत्रपिंडांचा स्वभाव आहे."

हा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. पण लघवीवाटे बाहेर जातो तो जेमतेम दीड लिटर. उरलेले सारे, त्यातले उपयुक्त क्षार, साखर आणि प्रथिनांचे बारीक तुकडे यांसह, नलिकांमधील पेशी वेचून पुन्हा शरीराच्या पदरात टाकतात. काटकसरी गृहिणीने निवडलेल्या तांदळाच्या कोंड्यातूनही दाणा वेचावा, तसे हे काम. आता या आजाराचे औषध म्हणजेही प्रथिनाचा एक लहानसा तुकडाच. त्याच्या शेपटाला किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. गाठीच्या पेशींवर त्याला ओळखणारे खास ग्राही असतात, म्हणून तो तेथे जाऊन चिकटतो. पण उरलेले औषध मूत्रपिंडांत गाळले जाते आणि नलिकांच्या पेशी ते चांगले समजून उचलून ठेवतात. जो गुण शरीराला जगवतो, त्याच गुणामुळे धोका घरात येतो.

तपासणीपुरता हा धोका किरकोळ. गॅलियमची मात्रा अल्प असते आणि दर ६८ मिनिटांनी ती निम्मी होते. भरपूर पाणी प्यावे, वरचेवर लघवीला जावे, एवढे पुरते. उपचाराची गोष्ट वेगळी. त्यासाठी ल्युटेशियम-१७७ वापरतात. त्याला निम्मे व्हायला सुमारे पावणेसात दिवस लागतात आणि प्रत्येकी ७.४ गिगाबेकरेलच्या चार मात्रा साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने देतात. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होते आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हा उपचार केला जातो, हे समजल्यावर आम्हांला आपुलकी वाटली आणि नवलही.

या उपचाराच्या आरंभीच्या काळात युरोपात यिट्रियम-९० वापरले जाई. त्याचे किरण शरीरात सुमारे ११ मिलिमीटरपर्यंत पोहोचतात. ल्युटेशियमचे सुमारे २. त्या काळी मूत्रपिंडांच्या रक्षणाशिवाय औषध घेतलेल्या काही रुग्णांची मूत्रपिंडे पुढे निकामी झाली. त्या दुःखातून शोधला गेलेला उपाय मात्र अगदी साधा आहे. लायसिन आणि आर्जिनिन ही दोन अमिनो आम्ले, प्रत्येकी २५ ग्रॅम, शिरेतून देतात. ती आपल्या आहारातल्या डाळींत आणि मासळीतही असतात. नलिकांच्या पेशी ती वेचण्यात गुंतून राहतात आणि औषधाचा बराचसा भाग हाती न लागता लघवीवाटे निघून जातो. मूत्रपिंडांना पोहोचणारा किरणोत्सर्ग त्यामुळे जवळजवळ निम्म्यावर येतो. गाठीच्या पेशींचे दार वेगळे असल्याने तेथे औषध पूर्वीसारखेच शिरते.

उपाय साधा असला तरी सोसायला सोपा नव्हता. औषधाच्या अर्धा तास आधी अमिनो आम्लांची पिशवी लागली. औषध तासाभरात देऊन झाले. पिशवी मात्र चालूच. बहिणीला मळमळू लागले, उलट्या झाल्या. "औषध गेले ना आत? मग आता ही पिशवी कशाला? काढा ती," ती काकुळतीने म्हणाली. तिचे हाल पाहून भाचाही परिचारिकेला तेच विनवू लागला. डॉक्टर आले, उलटीवरचे औषध दिले, थेंबांची गती थोडी कमी केली. पण पिशवी काढली नाही. औषध मूत्रपिंडांतून सर्वाधिक जाते ते याच पहिल्या काही तासांत, असे त्यांनी तिला शांतपणे समजावले. बहिणीने डोळे मिटले आणि जपमाळ हाती घेतली. पिशवी संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

अमिनो आम्लेही सर्वस्वी निरुपद्रवी नव्हेत. त्यांनी रक्तातले पोटॅशियम वाढू शकते आणि एवढा द्रव अशक्त हृदयाला जड जातो. म्हणून आधी रक्त तपासतात, हृदयाची चौकशी करतात. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील ल्युटेशियमच्या उपचारात तर ही आम्ले एरवी देत नाहीत. तेथे औषधाची रीतच निराळी.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २२९ रुग्णांच्या अभ्यासात, ल्युटेशियम मिळालेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के रुग्णांचा आजार वीस महिन्यांनंतरही वाढलेला नव्हता. तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. त्या काळापुरती मूत्रपिंडांना इजा झाल्याचेही दिसले नाही. आमच्या बहिणीच्या चारही मात्रा पूर्ण झाल्या. गाठी आहेत, पण वाढलेल्या नाहीत. मूत्रपिंडांची इजा वर्षांनंतरही दिसू शकते, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी थांबलेली नाही.

आपल्या धर्मग्रामात असा रुग्ण असेल, तर त्याच्या घरच्यांनी एक वही ठेवावी. तीत क्रिएटिनिनचे आकडे, रक्तदाब आणि साखर तारीखवार लिहावी. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडांना महागात पडू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नये. लघवी अडत असेल तर संकोचाने लपवू नये. आपण आजाऱ्याच्या उशाशी बसून मोठ्या चमत्कारासाठी प्रार्थना करतो, ती करावीच. पण परमेश्वराने देहात ठेवलेल्या या मुक्या राखणदारांची राखण करणे, त्यांना पाणी, विसावा आणि वेळेवर तपासणी मिळेल हे पाहणे, हीही सेवाच आहे. आणि ती आपल्या हाती आहे.