सामान तेच, मांडणी वेगळी

दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. ऑक्सिजन टोकाला, एका हायड्रोजनचा हात धरून बसला तर ते इथेनॉल, म्हणजे आपली नेहमीची दारू. द्रव, 78 अंशांना उकळणारा. तोच ऑक्सिजन दोन कार्बनच्या मधोमध बसला की डायमिथाइल ईथर. उणे 24 अंशांनाच उकळतो, म्हणून आपल्या घरात तो वायूच. एक अणू इकडचा तिकडे झाला, बस्स!

अकरावीतल्या भाचीने वर्गात विचारलं, "सूत्र एकच, तर पदार्थ दोन कसे?" उत्तर मिळालं, "परीक्षेत एवढं विचारत नाहीत, पाठ कर." तेव्हापासून ती शाखा बदलायचं म्हणतेय. मला त्या उत्तराचा फार राग आला.

मग आम्ही मटार सोलायला बसलो. चार मटार आणि टूथपिक. एका ओळीत चार, हा ब्युटेन. ओळीत तीन आणि चौथा मधल्याला टोचलेला, हा आयसोब्युटेन. हायड्रोजन दोन्हीत दहाच. पण दुसरा गुबगुबीत, शेजाऱ्याला कमी चिकटतो, म्हणून उणे 12 च्या आसपासच उकळतो. पहिला जवळजवळ शून्याला. आजकाल बऱ्याच फ्रिजमध्ये आर-600ए लिहिलेलं असतं ना, तो हा दुसरा. पाच मटारांच्या तीन मांडण्या तिने स्वतः काढल्या, सहाच्या पाच. दहाच्या 75 होतात म्हटल्यावर मटार मात्र भाजीत गेले.

असो. तिच्या त्या प्रश्नाने मोठमोठे लोकही चक्रावले होते. 1820 च्या दशकात लीबिगने चांदीचं फल्मिनेट तपासलं. जरा धक्का लागला की फुटणारं. व्योलरने तपासलं सिल्व्हर सायनेट, गरीब बिचारं. दोघांचे आकडे तंतोतंत एक! लीबिग तापट माणूस, त्याने सरळ व्योलरचं विश्लेषण चुकीचं ठरवलं. पण पुन्हा तपासलं तर दोघंही बरोबर. बर्झेलियसने 1830 मध्ये अशा जोड्यांना आयसोमर हे नाव दिलं. (मराठीत समघटक.) कोणता अणू कुणाला जोडलाय हे कागदावर रेघा मारून दाखवायला मात्र 1858 उजाडलं.

आणि ते दोघं? भांडण केव्हाच विसरून त्यांनी 1832 मध्ये कडू बदामाच्या तेलावर मिळून शोधनिबंध लिहिला. पुढे जन्मभराचे मित्र.