फटफटीवरच्या दहा फेऱ्या

‘फटफटी’ या शब्दावर माझे प्रेम आहे, वाहनावर नाही. मागे बसायची वेळ आली की मी चालकाचा खांदा असा काही आवळतो, की तो बापडा वळणापेक्षा मलाच अधिक भितो. तरी इंग्लंड-आयर्लंडच्या मधल्या मॅन बेटावरच्या जुन्या शर्यतींविषयी काही मिळाले, की मी अधाशासारखा वाचतो.

त्या शर्यती बेटावर गेल्या कशा, हीच मौज. ब्रिटनमध्ये तेव्हा ताशी 20 मैलांहून अधिक वेगाने गाडी हाकायला बंदी. शर्यतीसाठी रस्ता बंद करायला पार्लमेंट राजी नाही. मॅन बेटाला मात्र टिनवाल्ड ही स्वतःची विधिसभा. तिने 1904 साली कायदा करून रस्ते मोकळे करून दिले. घर लहान असले, की निर्णय ओसरीवरच होतात!

28 मे 1907 रोजी सेंट जॉन्स गावातून 25 गडी निघाले. जवळजवळ सोळा मैलांची एक, अशा दहा फेऱ्या. रस्ते धुळीचे, पेट्रोल मोजून दिलेले, मध्ये दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती. आणि चढावर इंजिनाने मान टाकली तर मारायला चक्क पायडल! एका सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर पहिला आला. सरासरी वेग ताशी 38 मैल. आज आमची एसटीसुद्धा मोकळ्या रस्त्याला त्याला मागे टाकील.

माझा जीव जडला आहे तो दोन सिलिंडरवाल्या रेम फौलरवर. धीर यावा म्हणून निघण्यापूर्वी गड्याने दुधात ब्रँडी घेतली. वाटेत टायर फुटला, प्लग पुनःपुन्हा बदलावे लागले, पडलाही. आता पुरे, असे मनात आले, तोच कोणी प्रेक्षक म्हणाला, ‘अरे, तू अर्धा तास पुढे आहेस!’ फौलर उठला, नॉर्टनवर बसला आणि जिंकला.

1911 साली शर्यत साडेसदतीस मैलांच्या डोंगरवाटेवर गेली. मोठ्या गटातले पहिले तिन्ही क्रमांक ‘इंडियन’ गाड्यांनी पटकावले. छाती फुगवू नये, कंपनी अमेरिकेची! त्याच वर्षी सरावात व्हिक्टर सरिज गेला. त्या वाटेवरचा तो पहिला बळी. आज आकडा अडीचशेच्या वर आहे.

हे मी घरात वाचून दाखवले, तेव्हा सौ.ने विचारले, “शर्यतीच्या दिवशी घरातल्या बायका काय करतात हो?”

“रस्त्याकडेच्या कुंपणाशी खुर्च्या टाकून बघत बसतात.”

“त्या नव्हेत,” ती म्हणाली, “शर्यतवाल्यांच्या घरच्या.”