स्थळाची नक्कल

डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राखेरीज आणखीही बरेच काही असते : कॅमेऱ्याचे नाव, दिनांक, वेळ आणि उपलब्ध असल्यास अक्षांश-रेखांश. ही नोंद ‘एक्झिफ’ या प्रमाणकानुसार होते. त्याची पहिली आवृत्ती १९९५ साली जपानमध्ये निघाली. नोंद चित्रापासून वेगळी असल्याने ती बदलता येते, एका चित्रातून उचलून दुसऱ्याला चिकटवताही येते.

घरी मी हे राजरोस करतो. माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही, मोबाइलमध्ये आहे. म्हणून प्रत्येक ठिकाणी एक चित्र मोबाइलने काढतो आणि ‘डिजिकॅम’मध्ये त्याचे स्थान कॅमेऱ्याच्या चित्रांना देतो. बदल्यांच्या नोकरीत आमचा संसार अनेक राज्यांत विखुरला. नकाशावर तो सलग पाहताना समाधान वाटते. इथे नक्कल करणारा मीच, साक्षीदारही मीच.

सरकारी कामात मात्र ह्याच आकड्यांवर पैसा हलतो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराच्या टप्प्यांची स्थान-अंकित छायाचित्रे घेऊन हप्ते देण्याची पद्धत आली. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी मोबाइलवरून, दिवसातून दोनदा अशाच छायाचित्रांसह घेणे सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवले, की असंबद्ध चित्रे चढवली जात आहेत, चित्राचेच चित्र काढले जात आहे. स्थान खरे असते, माणसे नसतात!

महाराष्ट्राबाहेरील एका जिल्ह्यात तपासणीस गेलो असतानाचा अनुभव सांगतो. तिथे छायाचित्रे संगणकावरून चढवण्याची मुभा होती. एका गावातील सर्व घरांचे अक्षांश-रेखांश सहाव्या दशांश स्थळापर्यंत एकच होते. सहावे दशांश स्थळ म्हणजे जमिनीवर साधारण अकरा सेंटिमीटर. तेवढ्या जागेत गाव मावत नाही. हप्ते रोखले गेले होते. प्रत्यक्ष गेलो तर घरे उभी होती, छपराविना. कंत्राटी सहायकाच्या फोनला स्थान मिळत नव्हते, म्हणून त्याने एकाच चित्राचे स्थान सर्वांना दिले होते. शेजारच्या गावातील आकडे निर्दोष होते, प्रत्येक चित्राचे स्थान वेगळे. तिथली दोन घरे मात्र जोत्याच्या वर गेलीच नव्हती. चित्रे दुसऱ्याच घरांची होती. पहिल्या गावाचे हप्ते मोकळे करण्याची शिफारस मी केली, दुसऱ्याचे थांबवण्याची. पण तोवर पहिल्या गावातील लोकांचा एक पावसाळा ताडपत्रीखाली गेला होता.

अर्थशास्त्रात चार्ल्स गुडहार्ट यांचा १९७५ सालचा एक सिद्धांत प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की एखाद्या मापावर नियंत्रणाचा भार टाकला, की ते माप विश्वासार्ह राहत नाही. अक्षांश-रेखांश हे असेच माप आहे. कायदाही सावध आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य द्यावे लागते. परंतु हॅश एवढेच सांगते, की त्यानंतर फाइल बदललेली नाही. ती बनताना खरी होती का, हे सांगत नाही.

मग तंत्रज्ञान टाकून द्यावे काय? मुळीच नाही. एकसारखे आकडे आपोआप शोधता येतात, आणि ते शोधावेतच. मात्र अशा खुणेचा अर्थ ‘जाऊन पाहा’ एवढाच घ्यावा. ‘पैसे थांबवा’ असा नव्हे. जे निर्दोष दिसते त्यातलीही काही प्रकरणे चिठ्ठी टाकून निवडावीत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावीत. कोणाचे घर कुठवर आले, हे गावाला नकाशाविना ठाऊक असते. संशयाचा खर्च आज लाभार्थी सोसतो. तो तपासणाऱ्याने सोसावा, एवढेच माझे म्हणणे आहे.