उन्हाळ्यातून हिवाळ्यात : ग्वाल्हेर ते लाहूल

वैशाख संपत आला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरूही फिरकत नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून ही वस्ती उभी राहिली आणि तिच्यासंगे आलेल्या मराठी घराण्यांनी उत्तरेची ही दाहक हवा आपलीशी केली. जाड भिंती, मधला चौक आणि दाराखिडक्यांना पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे एवढ्या सामग्रीवर त्यांनी पिढ्यान् पिढ्या उन्हाळे काढले. चालत्या मोटारीला मात्र ना भिंती, ना चौक. तिचे पत्र्याचे छप्पर तापते, काचांतून ऊन आत शिरते आणि आत बसलेला मनुष्य भट्टीतल्या मडक्याप्रमाणे भाजून निघतो.

अशाच दिवसांत आम्ही ग्वाल्हेरहून मनालीमार्गे लाहूलच्या खोऱ्याकडे निघालो. मनालीपर्यंतच सुमारे साडेआठशे किलोमीटरांची वाट. बरोबर सत्तरी ओलांडलेले आमचे थोरले बंधू दादा, वहिनी, त्यांचा मुलगा व सून, आणि चार वर्षांची नात. गाडी पुतण्या हाकीत होता. वाचकहो, एकाच प्रवासात पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि चार अंशांची थंडी सोसायची, आणि तीही म्हातारे माणूस व लहान मूल सांभाळून, तेव्हा गाडीतील सुखसोयी ही केवळ चैनीची बाब राहत नाही.

मुरेना मागे टाकून चंबळेचा पूल ओलांडला तेव्हा गाडीतील तापमापक ४५ दाखवीत होता. बाहेर ओसाड दऱ्याखोऱ्या आणि त्यांवर थरथरणारी हवा. आत मात्र दादा निवांत डुलकी घेत होते. आमच्या तरुणपणी अँबॅसडर गाडीच्या पुढच्या दाराची छोटी त्रिकोणी काच तिरपी करून वारा अंगावर घ्यावयाचा, हीच काय ती सोय होती. आणि तो वाराही मे महिन्यात विस्तवासारखा येई.

मोटारीतील वातानुकूलनाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेतील वाळवंटी भागातून जाणारे प्रवासी एकेकाळी खिडकीला पाण्याचे नळकांडे अडकवीत. ओल्या गवतातून वा जाळीतून येणारा वारा गार होई. म्हणजे आपला वाळ्याचा पडदाच तो, चाकांवर चढलेला! पुढे १९३९ साली पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच बसवून दिलेले शीतयंत्र गाडीत आणले. त्याने डिकीची बरीचशी जागा अडविली होती, आणि ते बंद करावयाचे तर गाडी थांबवून, इंजिनावरचे झाकण उघडून यंत्राचा पट्टा काढावा लागे. १९५४ साली नॅश कंपनीने थंडी व ऊब देणारी यंत्रणा एकत्र करून गाडीच्या पुढल्या भागात बसविली, आणि आजच्या व्यवस्थेचा पाया तेथे घातला गेला.

हे यंत्र थंडी निर्माण करते असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ते आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. कंप्रेसर एका विशिष्ट वायूला दाबतो. दाबलेला तप्त वायू गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत वाऱ्याने निवून द्रवरूप होतो. पुढे तो एकदम मोकळा होताच आतल्या नळ्यांत अतिशय थंड पडतो, आणि त्या नळ्यांवरून फिरणारी हवा आपली उष्णता व ओल दोन्ही तेथे सोडते. उभ्या गाडीखाली जे पाणी ठिबकताना दिसते ते हीच ओल होय. एके काळी वापरला जाणारा वायू आकाशातील ओझोनच्या थराला घातक ठरला, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बाद झाला. त्याच्या जागी आलेल्या व आज आपल्याकडील असंख्य गाड्यांत असलेल्या वायूने तो थर विरत नाही. परंतु पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ती वजनास वजन कर्बवायूच्या सुमारे चौदाशे पट आहे. यास्तव वायू गळत असेल तर दर उन्हाळ्यात नुसता भरून घेण्यापेक्षा गळती बुजविणे हेच शहाणपणाचे.

आग्र्याच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर आम्ही थांबलो. नात गाढ झोपली होती. ‘‘दोन मिनिटांचे काम, तिला निजू दे, आपण हातपाय धुऊन येऊ,’’ असे पुतण्या म्हणाला. वहिनींनी मान हलविली. ‘‘दोन मिनिटांची दहा कधी होतात ते तुला कळतसुद्धा नाही,’’ एवढेच बोलून त्यांनी पोरीला खांद्यावर घेतले. वहिनींचे बोलणे शास्त्राला धरूनच होते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील हवा पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढते. काच दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. आणि लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या कितीतरी पट वेगाने तापते. यंत्र चालू ठेवून जावे, तर इंजिन बंद पडले की संरक्षणही संपले. अशा रीतीने कोवळे जीव गेल्याच्या वार्ता देशोदेशींहून दर उन्हाळ्यात येतात. गाडी कितीही आधुनिक असो, मुलाला तीत एकटे ठेवू नये.

परत गाडीत बसताना पुतण्याने चारही दारे उघडून कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ दिली, थोडे अंतर काचा उघड्या ठेवून गाडी चालविली, आणि मगच यंत्र सुरू करून आतलीच हवा फिरती ठेवली. असे केल्याने गाडी लवकर निवते. मात्र तीच हवा तासन् तास फिरत राहिली तर श्वासातला कर्बवायू साठून चालकाला गुंगी येते. म्हणून अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी. काचांना काळा कागद चिकटविण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली त्यास मनाई केली आहे. पुढच्या व मागच्या काचेतून निदान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान पन्नास टक्के प्रकाश पार झाला पाहिजे, असा नियम आहे.

दिल्ली ओलांडल्यावर मुरथल येथे जेवावयास थांबलो. तेथील पराठे प्रसिद्ध आहेत; पण आमच्या स्मरणात राहिला तो शेजारच्या बाजेवर बसलेला एक वयस्क मालमोटारचालक. अंगावर ओला पंचा, डोळे लाल. त्याच्या कक्षात छोटा पंखा होता, आणि पायाखाली इंजिनाची धग. दुपारी गाडी चालवताना झोप येते की घेरी, हे आपल्याला ओळखता येत नाही, असे तो सहज बोलून गेला. दादांनी त्याच्यासाठी ताक मागविले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींत चालकाचा कक्ष वातानुकूलित असणे सरकारने सक्तीचे केले आहे. निर्णय स्तुत्य खरा. परंतु तो नव्या गाड्यांपुरता. जुन्या लक्षावधी गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि आपल्या घरचे धान्य, औषध व कौले त्यांतूनच येतात. घेरी आलेल्या चालकाच्या समोरून आपलीच मुलेबाळे जात असतात, हेही विसरता कामा नये.

दुसऱ्या दिवशी मंडीवरून बियास नदीच्या काठाकाठाने वर चढू लागलो. पाऊस लागला आणि समोरची काच आतून धुरकट झाली. सुनेने रुमालाने पुसण्यास हात पुढे केला, तोच पुतण्याने ऊबदार वारा काचेकडे वळवून शीतयंत्रही सुरू केले. दादांना हे विपरीत वाटले. पण कारण उघड आहे: शीतयंत्र हवेतील ओल काढून घेते, ऊब काचेला तापविते, आणि क्षणार्धात काच स्वच्छ होते.

मनालीपुढे अटल बोगदा लागतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला हा ९.०२ किलोमीटर लांबीचा मार्ग समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. पूर्वी ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीवरून जावे लागे, आणि हिवाळ्यात लाहूलचा संबंध महिनोन् महिने तुटे. बोगद्यात शिरताना दोन्ही बाजूंस देवदारांची गर्द हिरवाई होती. बाहेर आलो तो उघडे कडे, त्यांवर बर्फाचे पट्टे आणि खाली चंद्रा नदीचे करडे पाणी. हीच चंद्रा पुढे तांदी येथे भागेस मिळून चंद्रभागा होते. पंढरीची चंद्रभागा ऐकून वाढलेल्या वहिनी ते नाव कळताच काही वेळ काचेबाहेर पाहतच राहिल्या.

सिस्सू गावी मुक्काम केला. रात्री पारा ४ अंशांवर आला. थंडीत गाडीला ऊब देणारी व्यवस्था फार साधी आहे: इंजिन निववून तापलेले पाणी एका छोट्या जाळीतून फिरते आणि पंखा त्यावरून वारा सोडतो. ही ऊब जवळजवळ फुकटची. पण इंजिन तापेपर्यंत धीर धरावा लागतो. विजेवरील गाडीत असे तापलेले इंजिनच नसते. ऊब बॅटरीतून घ्यावी लागते, म्हणून थंडीत तिचा पल्ला घटतो. कडाक्याच्या थंडीत रेडिएटरमध्ये नुसते पाणी ठेवू नये. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाचे लोखंडही फोडते. त्यासाठी ग्लायकॉलयुक्त द्रव वापरतात. तो चवीला गोड पण विषारी, म्हणून मुलांपासून दूर ठेवावा.

त्या रात्री मुक्कामाच्या आवारात एक भाड्याची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. प्रवासी वर खोलीत, आणि तरुण चालक आत काचा लावून, हीटर सुरू ठेवून झोपलेला. दादांनी काच वाजवून त्याला उठविले. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवृष्टीत गाड्या अडकून वीसहून अधिक माणसे मेली. त्यांतील कित्येकांचा बळी थंडीने नव्हे, तर गाडीत साठलेल्या विषारी धुराने घेतला. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला मनुष्य जागा होत नाही. त्या रात्री सिस्सूला बर्फ नव्हते. पण सवय लागली की ती बर्फातही सुटत नाही. मालकाशी बोलून दादांनी त्या पोराला स्वयंपाकघराशेजारी अंथरूण मिळवून दिले. एका रजईची ती गोष्ट. मालकाला जड गेली नाही, आणि त्या प्रवाशांना सुचली नव्हती एवढेच.

आज आसनातून गार वा उबदार वारा सोडणाऱ्या गाड्याही आपल्या गावांपर्यंत पोचल्या आहेत. ज्यांना ऐपत आहे त्यांनी त्या जरूर घ्याव्यात; म्हाताऱ्या आईबापांना दूरच्या रुग्णालयात वा लेकीच्या घरी सुखाने नेता येणे हे काही थोडे नव्हे. मात्र मुक्कामी पोचल्यावर भाड्याच्या गाडीच्या चालकाला पाणी, सावली आणि रात्री अंथरूण मिळाले की नाही, हे घरच्या कोणीतरी एकाने आवर्जून पाहावे. सकाळी आपली सारी मंडळी त्याच्याच डोळ्यांच्या भरवशावर घाट उतरणार असतात.