सोळा फुटांवरून

आमच्या घरच्या आल्बममध्ये कुणाचाच चेहरा जवळून दिसत नाही. आजी, आत्या, काका, वसाहतीतले शेजारी, आम्ही भावंडं, सगळे पायांपासून डोक्यापर्यंत अख्खे उभे, आणि वर भरपूर आभाळ. थोरल्या भावाच्या मुंजीच्या फोटोत बटू आहे, पण त्याच्यापेक्षा मांडवाचे वासे ठसठशीत आहेत. आजी गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता. स्टुडिओवाल्याने एका निगेटिव्हमधून तिचा चेहरा तेवढा मोठा करून दिला. तो इतका भुरकट आला, की आईने तो लावू दिला नाही.

फोटो काढायचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि लहानपणी मी याचं कारण त्यांच्या स्वभावात शोधायचो. अण्णा कुणाच्या फार जवळ जाणाऱ्यांतले नव्हतेच. पुढे कॅमेरा माझ्या हाती आला, त्यावरचे दोन लाल ठिपके दिसले आणि निम्मं कोडं सुटलं.

कॅमेरा झाइस इकॉनचा नेटार. घडीचा. बंद केला की कोटाच्या खिशात मावतो. कळ दाबली की पुढचं दार उघडतं आणि काळ्या भात्याच्या टोकाला बसवलेलं भिंग पुढे येऊन खटकन अडकतं. अण्णा कोयना धरणाच्या कामावर ओव्हरसियर होते. बदली होऊन निघालेल्या एका इंजिनिअरकडून त्यांनी तो विकत घेतला. केवढ्याला, ते आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. १२० नंबरचा रोल, त्यात सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो. शटरचे वेग तीनच: २५, ७५ आणि २००. त्याशिवाय बी, म्हणजे बोट दाबून असेपर्यंत शटर उघडं.

अंतर मात्र आपलं आपण ओळखायचं. नेटारला रेंजफाइंडर नाही. डोळ्याने अंदाज घ्यायचा, भिंगाच्या कड्यावर तेवढे फूट लावायचे आणि देवावर भरवसा ठेवायचा. झाइस इकॉन १९२६ साली चार जर्मन कंपन्या एकत्र येऊन झाली, आणि १९३४मध्ये तिने सुपर इकॉन्टा काढला. त्यात रेंजफाइंडर भिंगाला जोडलेला होता. दोन प्रतिमा एकमेकींवर आणल्या की अंतर आपोआप लागायचं. पण तो श्रीमंतांचा कॅमेरा. नेटार बाकीच्यांसाठी होता, आणि बाकीच्यांसाठी कंपनीने लाल ठिपक्यांची सोय केली होती. एक ठिपका अंतराच्या कड्यावर तीस फुटांच्या आसपास, दुसरा अ‍ॅपर्चरच्या पट्टीवर ८ आणि ११ यांच्या मध्ये. दोन्ही खुणांवर काटे ठेवले की साधारण सोळा फुटांपासून पुढचं जवळपास सगळं रेखीव येतं. उन्हात शटर २००वर ठेवलं की त्या काळच्या शंभर वेगाच्या फिल्मला ते चपखल बसायचं. डोकं चालवायचं कामच नाही.

अण्णांनी तो सल्ला आयुष्यभर पाळला. फिल्म महाग, मिळायची मारामार, आणि बारा फोटोंत एक अख्खं वर्ष बसवायचं. अशा माणसाने धोका का पत्करावा? सोळा पावलं नव्हे, सोळा फूट. पण ते मागे सरकताना पुटपुटत पावलं मोजायचे आणि बहुधा जास्तच मागे जायचे. हिशेब केला तर सोळा फुटांवरचा साडेपाच फुटी माणूस त्या निगेटिव्हवर अडीच सेंटिमीटर उंचीचा येतो, म्हणजे चौकटीच्या निम्म्याहूनही कमी. चेहरा तीन-चार मिलिमीटर. आजीचा फोटो का फसला, ते या आकड्यांत आहे.

फोटो काढून झाला की ते कॅमेऱ्याकडे वाकून, स्वतःच्या सावलीत, पाठीमागच्या लाल खिडकीतून पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायचे. मला वाटायचं, काहीतरी लपवताहेत. ती लाल काच ज्या जुन्या फिल्मसाठी योजली होती तिला लाल रंग दिसत नसे. नंतरच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला तो दिसतो, म्हणून कडक उन्हात तिथून उजेड शिरायची भीती. अण्णांना हे शास्त्र ठाऊक होतं की कुणीतरी नुसतंच सांगितलं होतं, कोण जाणे. सावली ते चुकवत नसत.

ठिपके सोडून त्यांनी काढलेला एकच फोटो मला सापडला आहे. आईचा, लग्नानंतर लवकरचा, अगदी चार-पाच फुटांवरून. अंदाज चुकला. आई पुसट आहे आणि तिच्या मागच्या कुडाची एकूणएक काठी मोजता येते. आईला विचारलं तर म्हणाली, "त्यांना म्हटलं होतं, जरा जवळून काढा." त्यानंतर त्यांनी तो नाद केलेला दिसत नाही.

आता आणखी एका रोलच्या बारा चौकटी. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. मी तेव्हा अगदी लहान. आठवण म्हणून माझ्याकडे फक्त आईच्या अंगावरची घोंगडी आहे. कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा तडकली. पुढच्या दिवसांत कधीतरी अण्णांनी एक रोल काढला. ते फोटो आल्बममध्ये नाहीत, बटरपेपरच्या पाकिटात वेगळे होते. तंबू, चुलीपाशी बसलेल्या बाया, भिंत कोसळून आतली फडताळं उघडी पडलेलं एक घर आणि समोर उभा घरमालक. सगळं सोळा फुटांवरून. वर्तमानपत्रवाला पुढे गेला असता, रडणारा चेहरा शोधला असता. अण्णा गेले नाहीत. ठिपक्यांमुळे की स्वभावामुळे, हे मला आजही सांगता येत नाही, आणि माझ्या मते दोन्ही एव्हाना एकच झालं होतं. पण त्या घरमालकाच्या मागे, उघड्या पडलेल्या फडताळात, डबे जसेच्या तसे ओळीने लावलेले आहेत. चेहरा जवळून घेतला असता तर ते डबे चौकटीबाहेर राहिले असते.

हे मला निगेटिव्ह स्कॅन करताना कळलं. अण्णा असताना आम्ही फक्त कॉन्टॅक्ट प्रिंट पाहिल्या, निगेटिव्हएवढ्याच, कडेला कातरलेली पांढरी किनार असलेल्या. पडद्यावर मोठं केलं तेव्हा माणसांच्या मागे जे होतं ते उघडं झालं: पाटणच्या घराच्या ओसरीवर टांगलेला कंदील, आत्याच्या पाठीमागच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा उलटा त्रिकोण (लाल, पण इथे राखाडी), मांडवाच्या कडेला उष्ट्या पत्रावळींचा ढीग आणि त्याच्यावर टपलेलं कुत्रं. अण्णांनी यातलं काहीही काढायचं म्हणून काढलं नव्हतं. आता फोन पाठीमागचं सगळं हिशेबाने पुसट करून देतो आणि लोक त्याला कलात्मक म्हणतात. म्हणोत. आणखी पन्नास वर्षांनी त्या फोटोंत नाकडोळ्यांखेरीज काय बघणार, असा माझा साधा प्रश्न आहे.

अर्थात तरुणपणी मी असा शहाणा नव्हतो. पुण्यात कॉलेजला आलो, पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा घेतला, ऑर्वोचे रोल, मग रंगीत, मग बाकी सगळे गेले तिकडे. नेटार ट्रंकेत. अण्णांनंतर ती ट्रंक उघडली तेव्हा भिंगाच्या कडेला बुरशीची जाळी होती, पण शटर टकटकीत चालत होतं. आणि १२० नंबरचा रोल अजून मिळत होता! १९०१मध्ये निघालेला हा रोल टिकला म्हणून हे कॅमेरे टिकले. ६२०च्या रोलवर चालणारे त्यांचे भाईबंद धातूच्या जुन्या रिळांसाठी वणवण करतात. फिल्म तीच, रीळ वेगळं.

अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या आत बॅटरी धरली. भात्याच्या कोपऱ्यांवर तीन-चार ठिकाणी चांदण्या. झाइसचे भाते एरवी चांगले टिकतात, त्या काळच्या अ‍ॅगफा आयसोलेटचे तर हमखास भोकं पडलेलेच मिळतात, पण आमच्या कॅमेऱ्याने कोयनेचा पाऊस खाल्ला होता. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्यांनी हात झटकले. शेवटी शनिवार पेठेतल्या एका बोळात बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी भाता दोन बोटांनी उघडझाप करून पाहिला, कानाशी नेला.

"वारा कुठं धरतो हा?"

"वारा नाही काका, उजेड धरायचाय."

"मग सोपंय. वारा लई हट्टी."

सोपं नव्हतं. पेटीच्या भात्याला लावतात ते कातडं इथे चाललं नसतं. जाडी वाढली की कॅमेरा मिटत नाही. त्यांनी मेंढीच्या कातड्याची पट्टी सुरीने तासून तासून कागदासारखी केली, काळी रंगवली आणि घडीच्या रेषा चुकवून कोपऱ्यांत बसवली. पुन्हा बॅटरी लावली. काळोख.

मग मी वर्षानुवर्षं अण्णांनी जे केलं नाही तेच करत सुटलो: चेहरे. चार-पाच फुटांवरून, सावलीत, भिंग पूर्ण उघडून ६.३वर. या अंतरावर पुढेमागे मिळून जेमतेम वीतभर जागा रेखीव येते, त्यामुळे डोळे सापडले तर कान सुटतात. अंतरासाठी मी खाट डोळ्यांपुढे आणतो. खाट सहा फुटी, त्यातून उशीची जागा वजा करायची. शिवाय व्ह्यूफाइंडर भिंगाच्या वर असतो, म्हणून इतक्या जवळून आपल्याला डोकं चौकटीत दिसतं आणि फिल्मवर कापलं जातं. कॅमेरा किंचित वर उचलावा लागतो. भिंग बाहेर काढताना हळू काढायचं, आणि फिल्म त्यानंतर पुढे सरकवायची. भाता झटक्यात उघडला तर आतली हवा फिल्मला पुढे ओढते आणि ती सपाट राहत नाही. घडीचे कॅमेरे घ्यायला निघालेल्यांना मी एवढंच सांगतो. आणि हेही, की जुन्या शटरवर सेल्फ-टायमरची कळ असली तर तिला हात लावू नका. ती अर्ध्यात अडकली की शटर घेऊन जाते.

रोल घरीच धुतो. डी-७६ हा १९२७पासूनचा डेव्हलपर: मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट, बोरॅक्स. पुस्तकं वीस अंश तापमान सांगतात. पुण्यात मे महिन्यात नळाचं पाणी तिशी ओलांडतं. मी बाटल्या माठाच्या पाण्यात ठेवतो आणि जे तापमान मिळेल त्याप्रमाणे वेळ कमी करतो. मग हायपो, मग भरपूर पाणी, मग बाथरूमच्या दोरीवर चिमट्याने टांगलेली ओली फिल्म आणि घरच्यांची बोलणी.

चेहरे चांगले आले. काही तर फारच चांगले. आजीसाठी जे हवं होतं ते आता मला येत होतं, आणि आजी नव्हती, एवढंच.

पेटीवाल्या काकांचाही फोटो काढला होता, दुकानातच, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ बसून. कपाळावरच्या आठ्या, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरा, सगळं आलं. मोठी प्रिंट करून नेली. काकांनी ती उजेडाकडे धरली.

"झ्याक आलाय." मग हात लांब करून पुन्हा पाहिली. "पण हा बसलाय कुठं? पेटी न्हाई, दुकान न्हाई. गावाकडं पाठवला तर म्हणतील, म्हातारा दवाखान्यात हाय का काय."

मी बाहेर आलो आणि मागे मागे सरकत गेलो, समोरच्या पिठाच्या गिरणीची भिंत पाठीला लागेपर्यंत. सोळा फूट असतील-नसतील. काटे दोन्ही लाल ठिपक्यांवर ठेवले. काकांनी पोऱ्याला हाक मारली, तीन पेट्या पायरीवर मांडून घेतल्या, बोर्ड पुसायला लावला आणि स्वतः मधोमध उभे राहिले. डाव्या बाजूला अर्धी चौकट अडवून एक स्कूटर उभी होती. ती जरा बाजूला घेता येईल का, म्हणून मी हाताने खूण केली.

"राहू द्या," काका तिथूनच ओरडले. "आपलीच हाय."